चाफ्याचे आळे

मी एक जुनी कुदळ आहे, पण पुरती जुनी नाही. माझे पाते तीस वर्षांचे आणि दांडा याच मे महिन्यातला. म्हणून मित्रांनो, माझी गोष्ट दोघे मिळून सांगतील. मध्येच तुटेल. चालवून घ्या.

पाते :
माकुणसारच्या या वाडीत मला शालूने आणले. तिचा नवरा कृष्णकांत बोईसरच्या कारखान्यात कामाला होता. सकाळी जाई, दिवेलागणीला येई. वाडी तिचीच. सहा वर्षांपूर्वी तिने मागच्या दारी सोनचाफा लावला. उन्हाळाभर ती बुंध्याभोवती आळे करून पाणी भरायची. कृष्णकांत घरी यायचा तेव्हा त्याला एवढेच दिसायचे : शालू, बादली, भरलेले आळे.

पण मे सरताना, भर दुपारी, ती माझ्याने त्याच आळ्याची कड फोडायची. बुंध्याशी मातीची भर घालायची, कुंपणापर्यंत चर काढायची. चाफ्याला म्हणायची, "आता माझं पाणी नको तुला."

तेव्हा कृष्णकांत कामावर असायचा.

दांडा :
शालू मला माहीत नाही. ती आजारी असताना जुना दांडा पडवीत वाळवीने खाल्ला. ती मार्चमध्ये गेली. निवृत्त झालेल्या कृष्णकांतने मला बाभळीतून तासले, पाचर ठोकून बसवले. त्याच्या हातांना फोड आले. "पावसाआधी शालूचं सगळं नीट करायचं," असे तो म्हणत होता. चाफ्याचे आळे त्याने हातभर खोल केले. कड उंच केली, थापून थापून पक्की केली.

शेजारच्या चंद्रकांतावहिनी कुंपणाशी थांबल्या. "काय वो भावजी, चाफ्याला पोहायला शिकवताय?"

"तुमी तुमची वाडी बघा, वहिनी. शालूचं झाड हाय. तहानलेलं नाय ठेवायचं."

त्या हसून गेल्या. मला वाटले, काय सुरेख काम चालले आहे आमचे!

पाते :
मी ओरडले असते. पण लोखंडाला आवाज फुटतो तो दगडावर. तिथे एकही दगड नव्हता. शालूने सगळे वेचून काढले होते.

दोघे :
नऊ दिवस पाऊस थांबला नाही. आळे तुडुंब. पाने पिवळी पडली, मग गळली. दहाव्या दिवशी वहिनी आल्या, मला उचलले आणि एका घावात कड फोडली.

"आधी का नाय सांगितलं?" कृष्णकांत म्हणाला.

"सांगितलं की. तुमाला थट्टा वाटली."

"शालू फोडायची हे?"

"दर वर्साला. तुमाला ठावं नाय?"

त्याने मान हलवली. नाय.

चाफा वाचला नाही. श्रावणात कृष्णकांतने मला घेऊन त्याचा बुंधा काढला. मुळे इतकी मऊ झाली होती, की जोर लावावाच लागला नाही.

मित्रांनो, घरात जे माणूस रोज राबते, त्याच्याजवळ एखादी दुपार नुसते उभे राहा. काय करतेस, म्हणून विचारा. आणि काम झाले की अवजार धुऊन, पुसून ठेवा.

मला मात्र त्या दिवशी कुणी धुतले नाही. पात्यावर चाफ्याची माती वाळली आहे. ती असू द्या.