दादाचं नाक

"मेलेला माणूस माझ्या हातून उठून बसतो, वहिनी! फक्त बोलायचा बाकी राहतो," असं छातीठोक सांगून मूर्तिकारानं आपल्याच मेलेल्या थोरल्या भावाचं डोकं मातीत घडवायला घेतलं.

थोरला लाकडाच्या गिरणीत कामाला. ओंडका थेट तोंडावर आला. घरी प्रेत आलं ते चादरीत गुंडाळलेलं. तोंड कुणाला दाखवलंच नाही. पंचाईत अशी, की त्या सकाळचं नवरा-बायकोचं भांडण अर्धवट राहिलेलं. डुगडुगणारा पलंग सरळ करायला म्हणून थोरल्यानं त्याचा एक पाय कापला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. होता होता पलंग पाटाएवढा झाला. वहिनीनं तोंड उघडलं, तोच "उरलेलं संध्याकाळी ऐकतो" म्हणत स्वारी पसार. तेव्हापासून वहिनीच्या डोळ्यांतून टिपूस नाही. ते उरलेलं घशात अडकून बसलेलं.

"मला त्यांचं तोंड हवंय, भावजी. चादरीशी काय भांडू?"

अखेर मूर्तीवरचं फडकं निघालं. ओल्या मातीत एक देखणा, हसरा, सात्त्विक गृहस्थ. मेलेल्याचं नाक फुकटात सरळ करून द्यायची मूर्तिकाराला खोडच होती. गिऱ्हाइकं खूश व्हायची.

"हा कोण?"

"दादा!"

"हा? हा तर पलंग कापायच्या आधी परवानगी घेईल!"

आणि वहिनीनं काडकन मुस्काटात दिली. मातीच्या. गाल बसला. दुसरी दिली, कान चेपला.

"पाय कापता? संध्याकाळी ऐकता? कुठाय संध्याकाळ?" बुक्क्यावर बुक्का. मूर्तिकार मधे पडला, तर तिचं कोपर त्याच्याच तोंडावर बसलं. ओठ फुटला, दात हलला. तिनं माती ठोकायचं लाकडी थापटणं उचललं आणि मातीच्या नाकावर हाणलं.

नाक डावीकडे वळलं.

थापटणं हवेतच राहिलं. कधीकाळी गिरणीत फळी लागून मोडलेलं दादाचं तेच नाक. तो चेपका कान. एक डोळा अर्धा मिटलेला, ऐकून न ऐकल्यासारखा.

"आलात होय?" ती म्हणाली. मग तिनं उरलेलं सगळं ऐकवलं, सासरच्या उद्धारासकट, आणि शेवटी ते डोकं कवटाळून असा हंबरडा फोडला की शेजारी धावत आले.

मूर्तिकार रक्त पुसत म्हणाला, "वहिनी, भाजायच्या आधी आतून पोकळ करावं लागतं. वाळवावंही लागतं. भरीव ओली माती फुटते."

"आणखी कापाकापी? हात तर लावून बघा! आहेत तसे भाजा."

थापटणं अजून तिच्याच हातात होतं. त्यानं जिभेनं दात चाचपला आणि डोकं तसंच भरीव, ओलं भट्टीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो भट्टीच्या दारातल्या भोकातून डोकावत असताना मातीचं डोकं फुटलं. दार उडून तोंडावर बसलं. मूर्तिकाराचं नाक मोडलं. आता ते डावीकडे वळलेलं आहे.