अच्युतचा डावा कान

मंगळवारी आमच्या घरातल्या काचेच्या टाकीतल्या प्रवाळावर माझ्या धाकट्या भावाचा कान उगवला. डावा. लहानपणी कुत्रं चावल्याची पाळीवरची खूणसुद्धा होती. मी खुर्ची ओढून पाहत बसलो. अर्ध्या तासात पाळी फिकी पडली, तासाभरात कान पांढराफटक.

मिरजेत आमचं तंबोऱ्यांचं दुकान आहे. भोपळा आणि दांडी मी करतो. जवारी, म्हणजे तारांखालची घोडी घासून सुरात गुंजन आणणं, अच्युत करतो. त्या कामाला कान लागतो, आणि तो त्यालाच मिळाला. गवई दारातूनच विचारतात, "अच्युत आहे का?" वीस वर्षं मी "आहे, बसा" म्हणतोय.

बुधवारी त्याने एक जवारी बिघडवली. "दादा, डावीकडून काहीच येत नाही बघ," तो म्हणाला. गवयाने तंबोरा उचलून माझ्यापुढे ठेवला. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला, आणि घरी येऊन मी पुन्हा टाकीसमोर बसलो.

आई भाजी निवडत होती. "तू त्याला पाण्यात पाहतोस," ती म्हणाली.

"प्रवाळ बघतोय, आई."

"लहानपणापासून," ती म्हणाली आणि देठं गोळा करून आत गेली.

मी टाकीचा दिवा कमी केला. बाकीचा प्रवाळ तपकिरी झाला, कान पांढराच राहिला. मी टाकीकडे पाठ केली तर टाकी समोर आली. दुसऱ्या खोलीत गेलो, तिथे ती आधीच होती, आणि तिच्यापुढे माझ्या खुर्चीपुरतीच जागा उरली होती.

शनिवारी अच्युत आला. प्रवाळ आजारी असल्याचं आईने त्याला सांगितलं होतं. काचेला नाक लावून त्याने नीट पाहिलं.

"पांढरा पडला म्हणजे मेला नाही, दादा. आत राहणारं शेवाळ त्याने बाहेर टाकलंय. कसला तरी ताण आहे त्याला. तो थांबला की रंग परत येईल." तो फार मोठ्याने बोलत होता.

"तुला पाण्यात काय दिसतं?" मी विचारलं.

त्याने उजवा कान पुढे केला. मला ओरडून पुन्हा विचारावं लागलं.

"प्रवाळ," तो हसला. "दुसरं काय दिसणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून मी उठणार, तोच मागच्या फांदीवर उजवा कान उमलला, गुलाबी, निरोगी. मी त्या कानाकडे पाहिलं.