तपकिरीचे कौतुक

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी रंगीत पेन्सिल आहे. आता करंगळीएवढीच उरले आहे. मी कशी झिजले ते सांगते. त्यात माझा चांगुलपणा फारसा नाही, हेही आधीच सांगून टाकते.

रंग आणि मेणाची बारीक कांडी दोन लाकडी पट्ट्यांमध्ये चिकटवली आणि माझा जन्म झाला. १९९३ साली बारा जणींच्या पेटीतून मी जयनगरला अकरा वर्षांच्या वाणीकडे आले. शाळेतून आली की ती आणि तिची तुंगाआत्या फाटकापाशी स्टुले टाकून बसत आणि समोरची घरे, झाडे काढत. बेंगळूरला झाडांना काय तोटा! पेटी उघडली की वाणी विचारायची, "हिरवी कुठाय?" शेजारची तपकिरी मात्र लांबच लांब आणि टोकदार राहिली होती. मला तिची कीव यायची.

मग समोरचे नरसिंहअण्णा घर विकून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला मुलाकडे जायला निघाले. घर पडणार होते आणि दारातला मोठा रेन ट्रीही.

"वाणी, रविवारी सकाळी सामान जातंय," अण्णा म्हणाले. "झाड काय ट्रकात बसत नाही. कागदावर तरी देतीस का?"

"देते की अण्णा!"

बुधवारी संध्याकाळी वाणीने घर काढले आणि मला घेऊन झाड गच्च हिरवे भरले. मी फुलून गेले होते.

"हे कुठलं झाड?" आत्याने विचारले.

"समोरचं."

"समोर बघितलंस कुठं? हे तुझ्या मनातलं झालं. स्वल्प मान वर कर की."

वाणीने वर पाहिले. दिवस कलला की रेन ट्री आपली पाने मिटून घेतो. हिरवा रंग जवळजवळ नाहीसा झाला होता. उरल्या होत्या नुसत्या फांद्या आणि त्यांच्यामधले आभाळ. वाणीने नवा कागद घेतला, आणि तपकिरी उचलली.

तीन संध्याकाळी फक्त तपकिरी! माझ्या वाट्याला टोकाच्या चार रेघा.

"बघ, तपकिरीनं झाड कसं उभं केलं," आत्या म्हणाली. मी वर्षभर झाडे रंगवत होते, पण माझ्याबद्दल ती असे कधी बोलली नव्हती. मित्रांनो, मी जळले. हिचे टोक मोडावे, असे मी मनापासून इच्छिले.

रविवारी सकाळी ट्रक दारात येऊन उभा राहिला, तेव्हा फक्त बुंधा रंगवायचा राहिला होता. घाईत वाणीच्या हातून तपकिरी फरशीवर पडली. वरून एक ओरखडाही नाही. पण टोक काढले की ते गळून पडे. पुन्हा काढले, पुन्हा गळले.

"आत तुकडे झालेत तिचे," आत्या म्हणाली.

मला आनंद झाला. खोटे कशाला सांगू? मग वाणीचा चेहरा दिसला. दुकाने अजून उघडली नव्हती, आणि चित्रात झाडाला बुंधाच नव्हता.

"आता अण्णांना काय देऊ गं आत्या?"

"रडू नको. आधी लाल लाव. तिच्यावर हिरवी, दाबून."

वाणीने मला दाबून घासले. लालवर मी, माझ्यावर पुन्हा लाल, पुन्हा मी. माझे हिरवेपण माझ्या डोळ्यांदेखत जात होते. मी अर्धी झाले तेव्हा बुंधा तयार झाला. अगदी तपकिरी.

अण्णांनी चष्मा लावला आणि बुंध्यावरून बोट फिरवले. "हेच गं आमचं झाड! आणि ही तपकिरी कसली झकास आहे!"

वाणी उत्तर देणार, तोच ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. "सरी, बरंय, येतो," म्हणत अण्णा चित्र छातीशी धरून चढले.

मित्रांनो, रंगीत पेन्सिल पाडू नका. ती बाहेरून धड दिसते, पण आतून तुटलेली असते. तिला जपा, तपकिरीलासुद्धा. मात्र के. आर. पुरमला कोणाच्या भिंतीवर ते झाड दिसलेच, तर बुंध्याजवळ जाऊन नीट बघा. आणि कृपा करून तपकिरीचे कौतुक करू नका. तिथे मी आहे.