जुन्या पिकअपचा पालथा एक्सल

टेकडीच्या चढावर, दगडांनी भरलेल्या पिकअपच्या पोटाखालून काहीतरी मोडल्याचा कोरडा आवाज आला, आणि त्यानंतर इंजिन कितीही गरजले तरी चाके जागची हलेनात. थोरल्या सूनबाईंनी ब्रेकवरचा पाय तसाच दाबून धरला. पाथरवटाने धावत येऊन चारही चाकांखाली अडसर म्हणून दगड लावले, तेव्हाच त्या खाली उतरल्या. मागच्या दोन चाकांना जोडणारा एक्सल आतून तुटला होता. हलक्या सामानाकरिता घडवलेल्या त्या जुन्या गाडीने एवढी वर्षे भलतेच ओझे निमूटपणे वाहिले होते; तिला दोष देण्याचे धार्ष्ट्य कोणालाही झाले नसते.

दगड टेकडीवरच्या नव्या शाळेच्या पायऱ्यांचे होते.

“गुरुवारपर्यंत थांबतो, बाई,” पाथरवट म्हणाला. “पुढे मात्र दुसरी गाडी बघीन. पायऱ्या काही हवेत बांधता येत नाहीत.”

यजमानांची पाठ धरल्यापासून गाडीची किल्ली सूनबाईंकडे आली होती, आणि हे त्यांनी स्वतः मिळवलेले पहिले काम होते. ते काम गेले तर गाडी भंगारात जायची आणि सूनबाईंनी नणंदेच्या कापडदुकानात बसायचे, असे घरात ठरूनच गेले होते. “बटणं मोजत बसण्यापेक्षा दगड वाहीन,” एवढेच त्या म्हणाल्या. पण त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये थोरला, म्हणजे सूनबाईंचे यजमान, आणि धाकटा हे दोघे बंधू गाड्या दुरुस्त करीत. त्यांच्या दिवंगत वडिलांनी त्या शेडला एक नियम घालून दिला होता: गाडीखाली एकानेच बोलायचे, ज्याच्या हाती मुख्य पाना त्याने. पूर्वी कधी एकाने ‘उचल’ आणि दुसऱ्याने ‘सोड’ म्हटल्यामुळे वडिलांचे बोट गेले होते. तेव्हापासून तो नियम पुत्रांनी श्रद्धेने, किंबहुना श्रद्धेहूनही अधिक काटेकोरपणे पाळला.

भंगारवाल्याकडे एका मोठ्या गाडीचा एक्सल सापडला. मांडीएवढा जाड, सुदृढ, लांबीलाही जवळपास जुळणारा. अडचण एकच होती. स्प्रिंगचे पाटे ज्यांवर टेकतात त्या बैठका जुन्या एक्सलला वरच्या अंगास होत्या, आणि या नव्याला खालच्या.

“कापाकापी कशाला?” थोरला पाना फिरवीत म्हणाला. “पालथा घालू. डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे. शाफ्ट जोडायचं तोंड पुढेच राहतं आणि बैठका आपोआप वर येतात!”

धाकट्याने तोंड उघडले. पाना दादाच्या हातात होता. त्याने तोंड मिटले.

एक्सल बसला. हवा सोडायची नळी, जी आकाशाकडे असायची, ती आता भूमीकडे पाहू लागली व तिच्यातून तेलाचा थेंब ओघळू लागला. धाकट्याने तिच्याखाली रिकामा डबा सरकवला.

बुधवारी सकाळी सूनबाई चालकाच्या आसनावर बसल्या, पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूच सोडला. गाडी अत्यंत गंभीरपणे मागे निघाली. दोरीवर वाळणाऱ्या सासूबाईंच्या चादरी टपावर घेऊनच ती थांबली.

“अगं, निघालीस की परत आलीस?” सासूबाईंनी पायरीवरून विचारले.

दुसरा गिअर टाकला. गाडी अधिक उत्साहाने मागे गेली. रिव्हर्स टाकला, तेव्हा ती पुढे आली.

“गिअर चुकतोय तुझा,” थोरला म्हणाला.

“अहो, स्वयंपाकघरातले डबे ओळखते तसे या गाडीचे गिअर ओळखते मी. डोळे मिटून सांगते, साखर कुठे नि मीठ कुठे!”

आता मात्र धाकट्याला राहवेना. “दादा, आतलं मोठं दातेरी चक्र दुसऱ्या बाजूला गेलंय. पालथा घातला ना आपण, म्हणून चाकं उलटी फिरतायत.”

“हे तुला कधी कळलं?”

“तू पालथा घालू म्हणालास तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीस?”

“पाना तुझ्याकडे होता.”

थोरल्याने पान्याकडे पाहिले, जणू तो प्रथमच दिसत होता. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अरे, दोघांनी एकदम ओरडू नका म्हणाले होते ते! मुके व्हा असं कधी म्हणाले?”

“तसं बघितलं तर,” थोरला पुटपुटला, “रिव्हर्समध्ये शाळेपर्यंत जाता येईल...”

“म्हणजे चढायला एकच गिअर आणि माघारी यायला चार?” सूनबाई हसू लागल्या, परंतु ते हसू फार टिकले नाही. गुरुवार उद्यावर होता. मग त्यांनी यजमानांच्या हातून पाना काढून घेतला. “आता हा माझ्याकडे. एक्सल खाली घ्या, बैठका कापा. आणि मी विचारीन तेव्हा प्रत्येकाने बोलायचं. एकेकानं.”

एक्सल पुन्हा उतरला, सुलटा झाला. जुन्या बैठका घासून काढल्या, नव्या वरच्या अंगास ठेवल्या. पक्के वेल्डिंग करण्यापूर्वी सूनबाईंनी विचारले, “भाऊजी?”

“तोंड थोडं वर हवं, वहिनी. शाफ्टच्या रेषेत. नाहीतर वेगात धडधडेल.”

“अहो?”

थोरला ओणवा होऊन, एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिला. “बरोबर आहे त्याचं,” तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला वाटले होते तेवढे जड गेले नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला पेडलवर कोणीतरी हवे होते. सासूबाई लुगडे सावरून आसनावर चढल्या.

“दाबा, आई. धरा. सोडा.”

“सोडू की धरू?”

“धरा! मी सांगेपर्यंत!”

“या घरात उभा जन्म तेच केलंय,” त्या म्हणाल्या, आणि गाडीखालून तिघांचे हसणे एकदम आले.

गुरुवारी ऊन चढण्यापूर्वी दगड भरले गेले. थोरला सूनबाईंच्या शेजारी बसला, धाकटा मागे दगडांवर. चढ सुरू झाला तशी सूनबाईंनी दुसऱ्यावरून पहिल्यावर गाडी आणली. पाटे वाकले, इंजिनाचा स्वर खोल गेला, आणि ती जुनी गाडी एकसारख्या धिम्या गतीने, मधे कुठेही न अडखळता, शाळेच्या अंगणात येऊन उभी राहिली.

पाथरवटाने वाकून खाली पाहिले. “हा तर हत्ती लावलात, बाई. उद्या दोन खेपा कराल?”

“दगड घडवून ठेवा,” सूनबाई म्हणाल्या. “माझ्याकडून खोळंबा होणार नाही.”

परतीच्या वाटेवर थोरला खिडकीबाहेर कान काढून एक्सलचा आवाज ऐकत होता. ऐकण्याजोगे काहीच मिळेना, तेव्हा त्याने मान मागे टेकली आणि उतार संपण्यापूर्वीच त्याला गाढ झोप लागली.