घासून काढलेले ठिगळ

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण मला पाहिलेत तर तुमचा विश्वास बसणार नाही. माझा लाल रंग कालच दिल्यासारखा दिसतो. माझ्या मडगार्डमध्ये तोंड पाहून भांग पाडता येईल. लोक येतात, वाकून वाकून बघतात आणि म्हणतात, एवढी जुनी, शक्यच नाही. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते. वय लपल्याचा आनंद कुणाला होत असेल तर होवो. मला होत नाही, आणि तो का होत नाही तेच आज सांगते.

माझा जन्म १९३८ साली शिकागोच्या एका कारखान्यात झाला. जाडजूड टायर, कपाळावर दिवा आणि दोन नळ्यांच्या मध्ये पेट्रोलच्या टाकीसारखी एक टाकी. त्या टाकीत पेट्रोल नव्हते, काहीच नव्हते. ज्यांना मोटारसायकल परवडत नसे त्यांच्या समाधानासाठी ती लावलेली. मी आगगाडीने पेटालुमा नावाच्या गावी आले, तिथल्या एका कोंबडीवाल्याच्या मुलीकडे. इंगा तिचे नाव. तिने मला आठ वर्षे अंडी पोचवायला वापरले आणि लग्न होऊन निघून गेली. मग मला खुराड्यात टाकले. तीस वर्षे मी तिथे होते. एक पांढरी कोंबडी माझ्या सीटवर अंडी उबवायला बसत असे, तेवढीच काय ती सोबत.

१९७६ साली त्या खुराड्याचे छप्पर दुरुस्त करायला एक तरुण सुतार आला. वेस हॅलोरन. त्याने कोंबडीला अलगद उचलून बाजूला ठेवले, माझे टायर दाबून पाहिले आणि मजुरीऐवजी मलाच मागून घेतले. मालकाला तो खुळा वाटला असणार.

घरी नेल्यावर वेसने माझे सगळे दागिने उतरवले. मडगार्ड काढले, दिवा काढला, ती पोकळ टाकी काढली. मोटारसायकलचे रुंद हँडल लावले आणि कुठल्याशा होडीचा उरलेला पिवळा रंग फासला. आरशात पाहिले असते तर मी रडले असते. पण दुसऱ्या दिवशी त्याने मला फेअरफॅक्स गावाच्या वरच्या डोंगरावर ढकलत नेले आणि तिथून खाली सोडले. मित्रांनो, अंडी फुटू नयेत म्हणून जन्मभर जपून चाललेली मी! त्या मातीच्या उतारावर मला पहिल्यांदा कळले की माझे टायर एवढे जाड का आहेत.

वेससारखी दहा-बारा माणसे होती. सगळ्यांकडे माझ्यासारख्याच टाकाऊतून उचललेल्या थोराड सायकली. आमचा ब्रेक म्हणजे पॅडल उलटे दाबायचे, की मागचे चाक अडायचे. एवढ्या उतारावर तो ब्रेक इतका तापे की चाकातले ग्रीस जळून धूर निघे. म्हणून खाली पोचले की सगळे झाडाखाली बसत, चाके उघडत, जळके ग्रीस पुसून काढत आणि ताजे भरत. हात काळे आणि तोंडे चालू. कुणाची बायको रुसली, कुणाला काम मिळाले, सगळे तिथेच कळे. वेस आणि टोळीतल्या कॉरीनचे जमले तेही तिथेच, एकमेकांना फडके देता-घेता.

त्यांच्यात मॅनी सिल्वेरा म्हणून एक होता. सॉसलिटोच्या गोदीत होड्यांचे वेल्डिंग करायचा. पोर्तुगीज मासेमारांच्या घरातला, बुटका, हाताने सोन्यासारखा आणि तोंडाने महाफटकळ. एकदा एका वळणावर माझी हँडलखालची नळी तडकली. मी दुमडले, वेस हँडलवरून उडाला आणि त्याचे पुढचे दोन दात गेले. दुसऱ्या दिवशी त्याने मला गोदीत नेले. मॅनीने आधी मला पाहिले, मग त्याला.

"हिचं मी करतो," तो म्हणाला. "तुझं थोबाड मात्र दातांच्या डॉक्टरकडे ने. मला तिथे झाळ मारता येत नाही."

होडीच्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा कापून त्याने माझ्या गळ्याशी जोडला. ठिगळच ते. दिसायला ओबडधोबड, कडेने वेल्डिंगचे टेंगूळ एकामागे एक, मुंगळ्यांची रांग चालल्यासारखे. पण पुन्हा कधी तिथे तडा गेला नाही. त्यानंतर उताराला लागण्यापूर्वी वेस नेहमी त्या टेंगळांवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "चल म्हातारे." सहा वर्षांत हे एकदाही चुकले नाही.

वेसचे दात ज्यांनी बसवले ते डॉक्टर मुराओका. गावातले दातांचे डॉक्टर, अतिशय सभ्य, अतिशय स्वच्छ. आमच्या टोळीचे निम्मे दात त्यांच्या हातचे. डोंगरावर ते स्वतः कधी आले नाहीत, पण पडलेल्या माणसांच्या कहाण्या ऐकून ऐकून त्यांना सायकलींचे वेड लागले. त्यांनी जुन्या सायकली जमवायला सुरुवात केली.

१९८२ च्या हिवाळ्यात मॅनी भावाच्या होडीवर खेकडे धरायला गेला. होडी सापडली, मॅनी सापडला नाही. त्यामुळे त्याची कबरही नाही. वेस त्यानंतर एकदाच डोंगरावर गेला. खाली आल्यावर त्याने चाक उघडले नाही, ग्रीस भरले नाही. मला गॅरेजच्या भिंतीवर टांगले. पुढे हलक्या, भरपूर गिअरच्या सायकली आल्या, त्याने त्यातली एक घेतलीसुद्धा. मी बत्तीस वर्षे भिंतीवर होते. मला राग नव्हता. तो कधी हातोडी घ्यायला गॅरेजात आला की जाता जाता अंगठा फिरवून जायचा.

मग वेसचे डोळे अधू झाले. काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, वर्षभर दिसेल, फार तर दीड वर्ष. त्या दिवशी त्याने मला खाली उतरवले आणि मुराओकांकडे आणले. तोवर मुराओकांनी दवाखाना बंद केला होता. त्यांच्या गॅरेजात चाळीस सायकली ओळीने उभ्या होत्या, दातांसारख्या घासलेल्या.

"डॉक्टर, हिची चाकं गंजलीत," वेस म्हणाला. "फिरती करून दे. दिसतंय तोवर एकदा घरासमोरचा उतार उतरायचाय. कॉरीन धरेल मला."

ते पंधरा दिवसांचे काम होते. छर्रे बदलायचे, चेन बदलायची, टायर घालायचे, झाले. पण डॉक्टरांनी मला उलटे करून पॅडलखालचा नंबर वाचला, कपाटातून जुने कॅटलॉग काढले आणि त्यांचे डोळे चमकले. माझ्यासारख्या फारशा उरलेल्या नाहीत, असे त्यांना त्यात सापडले. त्यांच्या मनात आले, वेसला नुसती फिरती सायकल कशाला द्यायची? कारखान्यातून निघाली होती अगदी तशी देऊ. आंधळा होण्याआधी त्याला एक सुंदर गोष्ट दिसू दे. मित्रांनो, त्या माणसाच्या मनात तीळभर पाप नव्हते. हे मी शपथेवर सांगेन.

त्यांनी दात साफ करायच्या आकड्याने माझ्या एकेका आट्यातली घाण काढली. गावात त्यांची थट्टा चाले की डॉक्टरांच्या हाती सायकल गेली तर तिलाही गुळण्या कराव्या लागतील. तिथवर ठीक होते. मग एके सकाळी त्यांनी घासायचे यंत्र आणले आणि माझ्या गळ्याशी लावले. मॅनीचे ठिगळ निघायला तीन दिवस लागले, इतके ते पक्के होते. खालचा तडा डॉक्टरांनी एका निष्णात माणसाकडून असा बुजवून घेतला की शोधून सापडू नये. मी ओरडले असते. पण सायकलीला घंटीवाचून आवाज नाही, आणि माझी घंटी अजून टपालाने यायची होती.

आता एक कबूल करते, कारण खोटे बोलून उपयोग नाही. लाल रंग चढला, जुन्या मापाचे मडगार्ड लागले, तेव्हा मीही हुरळले. समोरच्या खिडकीच्या काचेत मी स्वतःला पाहत बसायची. ठिगळ गेल्याचे दुःख मला त्या महिन्यांत क्वचितच आठवले. डॉक्टरांना दोष देताना माझा हा मोह मी विसरत नाही.

इकडे वेसचे फोन येत. आधी त्याचे, मग कॉरीनचे. डॉक्टर दर वेळी म्हणत, अजून थोडेच राहिले आहे. टाकी मिळायला पाच महिने गेले, सीट मिळायला तीन. शेवटी दिव्याची काच अडली. कॉरीन गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"डॉक्टर, काच नसली तरी चालेल," ती म्हणाली. "त्याला आता समोरचं टिकलीएवढंच दिसतं."

"ओहायोत सापडलीय, कॉरीन. निघालीसुद्धा असेल. काचेशिवाय दिली तर तोंडात एक दात नसल्यासारखी दिसेल ती."

काच सात आठवड्यांनी आली. तोवर वेसला तेवढेही दिसायचे थांबले होते.

तरी डॉक्टर मला घेऊन गेले. त्याला थोडे तरी दिसेल, अशी मनातून त्यांना आशा असावी. वेस अंगणात उभा होता. इस्त्रीचा सदरा घातला होता त्याने. उतरायचे होते ना. डॉक्टर मला त्याच्यापुढे धरून एकेक सांगू लागले, रंग कोणता, टाकी कुठून आणली, काच कशी मिळाली. वेस ऐकत होता आणि त्याचे हात माझ्यावरून चालले होते. टाकीपाशी ते थबकले, दिव्यापाशी थबकले. अनोळखी घरात शिरल्यासारखे चाचपत होते. मग त्याने अंगठा गळ्याशी आणला. डावीकडून फिरवला, उजवीकडून फिरवला. खाली नेला, पुन्हा वर आणला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "इथे एक पत्रा होता."

"होता ना. फारच बेढब होता. तीन दिवस लागले घासायला. आता कळतसुद्धा नाही."

"हो," वेस म्हणाला. "कळत नाही."

त्याचा अंगठा तिथेच होता. सबंध आयुष्यात मला गुळगुळीत असल्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या क्षणी वाटले, माझा रंग सोलून निघावा, मडगार्ड गळून पडावे आणि गळ्याशी एक तरी टेंगूळ यावे.

"छान केलीस रे," वेस म्हणाला. "फार मेहनत घेतलीस."

कॉरीनने विचारले, उतरायचे ना? ती बाही वर सारून तयार होती.

"नको आता. इतकी सुंदर केलीय त्याने. पडलो तर ओरखडा येईल."

मला उतारावर चारदा आपटणाऱ्या वेसचे हे शब्द. तो काठी टेकत घरात गेला. कॉरीन डॉक्टरांना फाटकापर्यंत पोचवायला आली आणि तिने तिथे, आवाज न चढवता, ते ठिगळ कुणाचे होते ते सांगितले. मॅनीच्या हातचे आमच्याकडे तेवढेच होते, म्हणाली. डॉक्टर कितीतरी वेळ गाडीचे दार धरून उभे होते.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. मी वेसच्या गॅरेजात होते. या तीन दिवसांत तो भिंत चाचपत हातोडी घ्यायला दोनदा आला होता, पण माझ्याजवळून गेला नव्हता. डॉक्टरांनी ठिगळाचे आधी काढलेले फोटो आणले होते, मापेही होती. हुबेहूब तसेच जोडून देतो म्हणाले, एकेका टेंगळासकट. गोदीतला चांगला माणूस बघतो म्हणाले.

"तसंच होईल रे, तुझ्या हाताला अशा गोष्टी साधतात," वेस म्हणाला. "पण ते मॅनीचं नसेल ना. मग मी अंगठा कशावर फिरवू?"

"मी आधी तुला विचारायला हवं होतं."

"हवं होतं. मीही सांगायला हवं होतं. मला वाटलं, ते काय सांगायचं, डोळ्यांना दिसतंय." तो जरा हसला, डॉक्टरांनीच बसवलेले दोन दात दिसले. "ने हिला तुझ्याकडे. तिथे लोक बघतील तरी."

अशी मी मुराओकांच्या ओळीत आले, एक्केचाळिसावी. प्रदर्शनाचे बोलावणे आले होते, त्यांनी नकार कळवला. लोक गॅरेजात येतात, माझ्यापुढे थांबतात आणि कौतुक करतात. पूर्वी डॉक्टर अशा वेळी टाकीची आणि काचेची कथा रंगवून सांगत. आता सांगत नाहीत. परवा एका पाहुण्याने विचारले, ही तुमची सगळ्यांत चांगली का?

"ही मी बिघडवलेली," डॉक्टर म्हणाले. "पहिली नसेल. मला कळलेली पहिली."

पाहुणा गेल्यावर ते ओळीतून हळूहळू चालू लागले. हिरव्या सायकलीपाशी थांबले. तिच्या हँडलवर कधीकाळी कुणीतरी सुतळी गुंडाळली होती, ती त्यांनीच कापून टाकलेली. पुढच्या निळीच्या सीटखाली कोरलेली दोन अक्षरे त्यांनीच लांबी भरून सपाट केलेली. त्यांनी प्रत्येकीच्या गळ्यावरून, कडांवरून हात फिरवला. सगळ्या गुळगुळीत होत्या. "तुझी खूण कुणाची होती?" ते एकेकीला विचारत होते. "आणि तुझी?" आम्ही एक्केचाळीस जणी चकचकीत तोंडांनी त्यांच्याकडे बघत राहिलो.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली की फडके जरूर घ्या, पण आधी जरा थांबा. तिचा मालक अजून असेल, तिला कुणी वापरताना पाहिलेले असेल, त्यांच्याकडे जा. आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला विचारता येते.