परतीचा दोरा

भोंग्या तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "आता स्टॉप नसलेल्या रस्त्यांवर जायचं. तू आणि मी. सहा राष्ट्रीय उद्यानं!" त्याचा आवाजच असा, की शेजारच्या न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारलं, "कुठे निघालात?"

मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. कापड बेतायच्या टेबलावर जाड फोम टाकून त्यावर आम्ही नकाशा पसरला. लाल डोक्याची टाचणी त्याची, निळी माझी. दोन्ही आपल्या गावावर टोचल्या. रस्ता म्हणून मी जाड पांढरा दोरा गावापासून एकेका उद्यानावरून टाके घालत नेला. प्रत्येक विश्रामगृहात दोघांचं बुकिंग केलं. भांडण फक्त गाडीत गाणी कुणाची लावायची यावरून झालं, ते मात्र दोन दिवस पुरलं.

"आणि परतीचं काय?" मी विचारलं होतं.

"परतीचं कसलं प्लॅनिंग? गाडी आपोआप डेपोत येते."

मीही हसलो आणि सहाव्या उद्यानापाशी दोरा तोडला.

निघायला आठवडा उरला असताना भोंग्या आंघोळीला गेला आणि तिथेच कोसळला. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. दवाखान्यात तो डोळे मिटून पडला होता, डावा हात लुळा. एरवी मी त्याला सारखा "हळू बोल" म्हणायचो, आता त्याचं गप्प राहणं मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर लाल टाचणी पहिल्या उद्यानावर. दुकानाची किल्ली एकच, ती माझ्या खिशात. उंदराचा उद्योग असेल म्हणून टाचणी परत गावावर आणायला गेलो, तर ती उपटेना. पकडीने ओढली तरी नाही. मी दवाखान्यात गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सकाळी हे काहीतरी पुटपुटले. 'हरणं' म्हणाले बहुतेक." पहिल्या उद्यानात आम्ही हरणंच बघणार होतो.

त्यानंतर टाचणी रोज एक मुक्काम पुढे जायला लागली. चौथ्या दिवशी वहिनींनी त्याचे पाय पुसले, तर फडक्याला तांबडी माती लागली. इतके दिवस ज्याचे पाय जमिनीला लागले नव्हते, त्याच्या तळव्यांना माती! वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "आधीची राहिली असेल," मी म्हटलं. एवढं धडधडीत खोटं मी गिऱ्हाइकालाही सांगत नाही.

टाचणी पाचव्या उद्यानावर गेली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "नाडी मंदावतेय. दोन दिवस काढले तर बघू."

तेव्हा मला नकाशा आठवला. सहाव्या उद्यानापुढे रस्ताच नव्हता. आम्हा दोघा शहाण्यांनी येण्याची वाट आखलीच नव्हती, आणि भोंग्याने जन्मात कधी ठरल्या रस्त्याबाहेर गाडी घातली नव्हती.

तसाच दुकानात आलो. सहाव्या उद्यानापासून गावापर्यंत दोरा शिवत आणला. नेहमीपेक्षा बारीक टाके घातले, शेवटी दुहेरी गाठ मारली. "ये रे बाबा," मी नकाशाला म्हणालो. "सगळी गाणी तुझीच लावू."

दुसऱ्या दिवशी टाचणी सहाव्या उद्यानावर गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिली. त्यानंतरच्या सकाळी शटर अर्धं वर केलं, वाकून पाहिलं, तर ती गावावर होती. दुकान तसंच टाकून मी पळत सुटलो.

भोंग्या उशीला टेकून बसला होता. आवाज बसला होता, पण त्याचाच होता. "होतास कुठे तू? किती वाट बघितली! काय जंगल होतं रे!" मी त्याचा हात धरून लहान मुलासारखा रडलो. वहिनी तर हसत होत्या आणि रडतही होत्या.

"शेवटच्या गेटवर मात्र अडवलं," तो म्हणाला. "पहारेकरी बाहेर सोडेचना. म्हणे, बुकिंग दोघांचं आहे, दुसरा कुठाय? मी म्हटलं, येतोय मागून."

"मग?"

"मग काय? तुझं नाव लिहून घेतलं आणि फाटक उघडलं."

मी दुकानात परत आलो. लाल टाचणी गावावर एकटीच होती. माझी निळी पहिल्या उद्यानावर होती. पकडीने ओढून पाहिली, हलली नाही.

भोंग्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच बोललो असतो. परतीच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं, एकेक टाका तपासला. शेवटची दुहेरी गाठ घट्ट होती. तरी असू दे म्हणून तिसरी मारायला दोरा उचलला, तर तो माझ्या डाव्या हाताच्या बोटांत राहीना.