भिंतीवरचं कबूतर

मी ससाण्याची मादी बोलतेय. आवाज कर्कश वाटेल. गोड बोलायची आमच्या घराण्यात रीतच नाही.

एका उंच इमारतीच्या कंगोऱ्यावर माझा जन्म झाला. खालून माणसं माना वर करून आमचं कौतुक करायची. आईनं एखादं कबूतर उचललं, की तीच माणसं शिव्या द्यायची.

पहिल्याच वर्षी सूर मारताना मी विजेच्या तारेवर आदळले. उजवा पंख मोडला. जखमी पक्ष्यांच्या केंद्रात एका म्हाताऱ्या राखणदारानं मला सांभाळलं. जाड हातमोजा घालून मांस भरवायचा. "चोच आवर गं बाई, ते बोट माझं आहे!" म्हणायचा. पंख सांधला. पुढच्या आठवड्यात मला सोडायचं ठरलं.

तेवढ्यात त्याची भाची आली. ती व्हिडिओ काढायची आणि प्रदर्शनात भिंतभर दाखवायची.

"मामा, एकदाच. अंधाऱ्या खोलीत हिच्यासमोर आभाळ लावते. हिला काय वाटतं ते टिपायचंय."

"काय वाटायचंय? भूक लागते आणि भीती वाटते."

"आपण हिला घाबरतो, मिरवतो, कोंडतो. पण ती काय बघते, ते कुणी पाहिलंय का?"

लहानपणी खांद्यावर खेळवलेली पोर. मामाला नाही म्हणवेना.

खोलीत अंधार झाला आणि समोर आभाळ उघडलं. निळं, खोल. मला वाटलं, सुटले! डावीकडून एक कबूतर निघालं. मी होतं नव्हतं ते बळ एकवटून झेपावले.

ती भिंत होती.

मी खाली पडले, तरी वर आभाळ चालूच होतं. पंख पुन्हा मोडला, या वेळी खांद्यातून. "बंद कर ते!" मामा ओरडला. भाचीनं आभाळ विझवलं. पण कॅमेरा तिनं बंद केला नाही.

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "आता हिला सोडता येणार नाही."

प्रदर्शनात तेच चित्रण फिरून फिरून लागलं. मी झेपावते, आदळते, पुन्हा झेपावते. भाची सांगायला आली, "मामा, लोक रडले तिथं."

"रडले? आणि मग घरी गेले ना?"

मामानं तिला बस म्हटलं नाही.

आता मी पिंजऱ्यात असते, आणि लोक मला बघायला येतात. "हीच ती!" म्हणतात. मी नुसती बसून राहिले की त्यांचा हिरमोड होतो. मग कुणीतरी मोबाईलवर पाखरू लावून जाळीला टेकवतं. मामानं जाळीवर आडोशाला गोणपाट बांधलं होतं. केंद्राच्या साहेबांनी ते सोडायला लावलं.

मला ठाऊक असतं, तिथं काही नाही. तरी अंग उठतंच, आणि मी ओंडक्यावरून खाली कोसळते. मामा मला उचलतो. त्यालाही आता वाकवत नाही.

या, बघा मला. फक्त तो मोबाईल खिशातच राहू द्या.